डाळिंबाच्या छाटणीस कोणते पाते?

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला, पंढरपूर भागांतला डाळिंब बागाईतदार खत व औषध यांवर हात राखून खर्च करीत नाही. करवतीच्या पात्याबाबत मात्र तो काटकसर करतो. लोखंडी नळ कापलेले पातेच पुष्कळदा फांदीस लावले जाते. ही काटकसर खोटी होय.

लोखंडाच्या पात्यास इंचास १८ ते ३२ दाते असतात. पातळ नळीवर एका वेळी निदान दोन-तीन दाते टेकावे लागतात, म्हणून तेथे ते योग्यच. परंतु ओला भुसा त्या बारीक दात्यांत अडकतो, पाते तापते व साल फाटते. अशी जखम लवकर भरत नाही. ओल्या फांदीस इंचास पाच-सहा, दोन्ही अंगांस फाकविलेले मोठे दाते हवेत. वाळल्या फळीस त्याहून बारीक. पुढेमागे चालणाऱ्या यांत्रिक करवतीसही हाच नियम लागू आहे.

तेल्याचे जिवाणू पात्याबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. यास्तव प्रत्येक झाडानंतर पाते एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावे. जखमेवर दहा टक्के बोर्डो मलम लावावे. हे द्रावण पोलादास गंज आणते. काम संपताच पाते धुऊन, पुसून तेल लावून ठेवावे.