उजवे-डावे

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने गाडी बदलायची झाली, तर लहान देऊन मोठी घ्यावी आणि जुनी देऊन नवी घ्यावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्यातला पहिला भाग मी पाळला. दुसरा मात्र पार उलटा केला. सोळा वर्षे बिनतक्रार चाललेली शंभर सी.सी.ची मोटारसायकल दारात उभी असताना मी 1984 सालची बुलेट विकत घेऊन आलो. आमच्या सौभाग्यवतींनी ती गॅलरीतून पाहिली आणि एवढेच विचारले, "हिला ठेवायची कुठं? आणि हिचं वय काय?"

वास्तविक या खरेदीला कारण त्याच होत्या. पण हे त्यांना त्या दिवशी सांगण्याचा धीर मला झाला नाही.

मागल्या वर्षी श्रावणात आम्ही दोघे सप्तशृंगीच्या गडावर निघालो होतो. नाशिक, दिंडोरी, वणी असे करीत नांदुरीपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी आली. घाट लागला आणि तिला दम भरला. तिसऱ्याचा दुसरा झाला, दुसऱ्याचा पहिला झाला. एका वळणावर पुढची जीप थांबली म्हणून मीही थांबलो, आणि मग त्या चढावर गाडी पुन्हा उचलेना. तेव्हा सौ. उतरल्या. "मी पुढच्या वळणापर्यंत चालते, तुम्ही या," म्हणाल्या. त्यात राग नव्हता, कुचेष्टा तर नव्हतीच. हातात नारळाची पिशवी, पदर खोचलेला, आणि गुडघे दुखतात म्हणून जरा तिरके टाकलेले पाऊल. मी रिकामी गाडी घेऊन त्यांच्या शेजारून पुढे गेलो, तो प्रसंग मला काही केल्या विसरता येईना.

दोष गाडीचा नव्हता. सात-साडेसात अश्वशक्तीचे इंजिन; त्यावर आम्ही दोघे संसाराने भरलेली माणसे बसणार! ही शंभर सी.सी.ची जात आपल्या मध्यमवर्गावर उपकार करण्यासाठीच जन्माला आली. 1985 साली हिरो होंडाची सी. डी. 100 निघाली तेव्हा टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात असे. त्यानंतर या कुळातल्या गाड्यांनी किती कारकुनांना वेळेवर कचेरीत पोचवले याची गणती नाही. माझीही त्याच कुळातली. सोळा वर्षे मी तिला खरोखरच विसरलो होतो. लिटरला साठ किलोमीटर जाणाऱ्या वस्तूची आठवण येतेच कशाला?

बुलेट विसरू देत नाही. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेल्या ज्या गृहस्थांकडून मी ती घेतली, त्यांनी पैसे मोजायच्या आधी मला तासभर ती सुरू करायला शिकवले. किल्ली फिरवली की टाकीच्या पुढे अँपिअर दाखवणारा छोटा काटा एका बाजूला झुकतो. डाव्या हाताशी एक चिमुकली दांडी असते. ती दाबली की इंजिनातला दाब सुटतो. मग किक हळूहळू खाली ढकलायची आणि डोळे काट्यावर ठेवायचे. काटा मध्यावर आला की दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच, मनापासून, अंगाचा सगळा भार घालून. "घाई केलीत तर ती पायाला उलटी बसते," ते म्हणाले. "देवाला नमस्कार करतो तेवढा वेळ द्यायचा." 346 सी.सी.चे ते ओतीव लोखंडाचे इंजिन धडधडू लागले तेव्हा त्या गृहस्थांनी तोंड दुसरीकडे वळवले होते.

या गाडीची कुळकथा सासरी नांदलेल्या मुलीसारखी आहे. मूळची इंग्लंडची, 1955 साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. पुढे माहेरचा कारखाना बंद पडला, पण मद्रासचा चालू राहिला, आणि माहेरच्या काही सवयी तिने या शतकाच्या आरंभापर्यंत सोडल्या नाहीत. त्यातली मुख्य म्हणजे पायांची. जुन्या इंग्रजी गाड्यांचा गियर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. जपानी गाड्यांनी गियर डावीकडे नेला, अमेरिकेने 1970 नंतरच्या दशकात तसा नियमच केला, आणि बहुतेक सगळे जग तिकडे वळले. माझी 1984 ची बुलेट मात्र जुन्या मताची. तिचा पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली, आणि सगळे उजव्या पायाने.

हे कागदावर सोपे वाटते. मुंबई नाक्यावर मी दुसरा टाकण्यासाठी सवयीने डावा पाय दाबला आणि गाडी भररस्त्यात गपकन उभी राहिली. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या घराण्याची चौकशी केली. त्या वेळी मी हसलो. सोमवार ते शनिवार लहान गाडीवरून कचेरी आणि रविवारी बुलेट, असा माझा बेत होता. हळूहळू पाय शिकतील असे वाटत होते.

जानेवारीत, पतंगांच्या दिवसांत, मी रविवार कारंजाकडून अशोक स्तंभाकडे येत होतो. उभ्या रिक्षांच्या मधून एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आभाळाकडे पाहत, मांजा ओढत, उलट्या पावलांनी रस्त्यात आला. माझ्या डाव्या हाताने क्लच ओढला आणि उजव्या पायाने ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असे मला वाटले. प्रत्यक्षात गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली आणि दीडशे किलोंहून जड ते धूड तसेच पुढे घरंगळत राहिले. पाय जिवाच्या आकांताने तेच दाबीत होता आणि काहीच होत नव्हते. मी हँडल फिरवले, पुढचे चाक फुटपाथच्या कडेला आदळले आणि मी गाडीसकट आडवा झालो. मुलगा हातभर अंतरावर उभा होता. त्याला काय टळले याची कल्पनाच नव्हती. चाकाखाली पतंग फाटला म्हणून तो रडत होता. मी त्याला वीस रुपये दिले. माझा हात इतका कापत होता की नोट त्यालाच माझ्या बोटांतून काढून घ्यावी लागली.

भद्रकालीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने वाकलेला लेगगार्ड सरळ करता करता सगळे ऐकून घेतले. "साहेब, तुम्ही दोन्ही चालवता हेच चुकतंय," तो म्हणाला. "घाबरला की पाय जुन्या सवयीवरच जातो. एक काय ती ठेवा."

घरी मी काही बोललो नव्हतो. पण लंगडणारा नवरा आणि नवा रंग दिलेला लेगगार्ड यांचा हिशेब घालायला बायकोला वेळ लागत नाही. रात्री मी सगळे सांगितले. घाटातल्या त्या वळणाचेही सांगितले. आता बुलेट विकून टाका, असे त्या म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लहान गाडी भाच्याला देऊन टाका. त्याला सातपूरला कामावर जायला बसच्या वेळा जमत नाहीत."

लहान गाडी गेली त्या सकाळी मला वाटले त्याहून अधिक वाईट वाटले. तिचा आवाज मुळातच इतका कमी, की ती कोपऱ्यावरून वळली केव्हा हे कळलेसुद्धा नाही.

त्यानंतर आमच्या घरात एक विचित्र शाळा सुरू झाली. मी वर्तमानपत्र वाचीत बसलेला असलो की तांदूळ निवडता निवडता सौ. एकदम ओरडत, "ब्रेक!" आणि मी खुर्चीत डावा पाय दाबायचा. चुकून उजवा दाबला तर त्या दिवशी चहा दुसऱ्यांदा मिळत नसे. शेजारच्यांना काय वाटले असेल ते असो. रविवारी पहाटे गंगापूर धरणाच्या मोकळ्या रस्त्यावर मी एकटा जाऊन तोच पाठ गिरवीत असे. पेट्रोल निम्म्याने अधिक लागते. शिवाय जुनी गाडी म्हणून दर पाच वर्षांनी पेठ रोडच्या आर. टी. ओ. कचेरीत फेरनोंदणीची वारी आहेच. पण महिन्याभराने "ब्रेक!" हा शब्द पुरता ऐकू येण्याआधी डावा पाय खाली जाऊ लागला.

होळी झाल्यावर आम्ही पुन्हा गडावर निघालो. नांदुरी गेली, चढ लागला, आणि बुलेट तिसऱ्यातच, पायऱ्या मोजीत वर जाणाऱ्या वारकऱ्याच्या संथ ठेक्यात चढू लागली. ते वळण आले तेव्हा दोघांपैकी कोणीच बोलले नाही. त्याच्या पुढच्या वळणावर कठड्याआडून एक वासरू उडी मारून रस्त्यात आले. मी क्लच ओढला, डावा पाय दाबला गेला, आणि गाडी वासरापासून चांगली चार हातांवर उभी राहिली. मागून काहीच आवाज आला नाही. माझ्या खांद्यावर मात्र बोटे रुतली होती.

वासरू सावकाश कडेला गेले. इंजिन धडधडत होते, चढ पुढे तसाच होता. खांद्यावरची बोटे सैल झाली आणि सौ. म्हणाल्या,

"चला. पहिला वर ना?"