फ्रीजियन म्हणजे गाय नव्हे

आमच्या रत्नागिरीत 'फ्रीजियन' म्हटलं की माणूस दुधाचा भाव विचारतो. गोठ्यात पंख्याखाली उभी असलेली काळी-पांढरी एचएफ गाय, एवढाच आमचा फ्रीजियनशी परिचय. त्यामुळे हॉलंडात नोकरीला असलेल्या भाच्याने "मामा, फ्रीजियनची स्पर्धा बघून आलो, व्हिडिओ पाठवलाय" असं कळवलं, तेव्हा मला वाटलं बादल्या घेऊन दूध काढायची स्पर्धा असणार. म्हटलं, पोरगा चांगल्या वळणाला लागला! (ताई, हे वाचत असशील तर रागावू नकोस.)

व्हिडिओत गाय एकही नव्हती. काळेकुळकुळीत घोडे होते. आयाळ छातीपर्यंत लोंबणारी, खुरांवर केसांचे झुबके, आणि चाल अशी की प्रत्येक पावलाला गुडघा पोटाशी येतोय. मागे उंच दोन चाकांची नाजूक गाडी. तिला तिकडे 'शेस' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ खुर्ची. आपल्या शेजारतीशी काही संबंध नाही, मी लावून पाहिला. गाडीत एक जोडपं, दीडशे वर्षांपूर्वीच्या पोशाखात. पुरुष डावीकडे बसून हाकतो, बाई उजवीकडे, कारण उजवी बाजू मानाची. लगाम चामड्याचे नाहीत, पांढऱ्या दोरीचे. अशा आठ गाड्यांचा चमू मैदानात उतरला आणि एकमेकींना छेद देत, गोल घेत, जोड्या जुळवत-मोडत फिरला. शाळेच्या गॅदरिंगला लेझीम करताना आम्ही सोळा पोरं एकमेकांवर आदळायचो, ते आठवलं. इथे तर घोडे होते!

तीनदा बघितला व्हिडिओ. चौथ्यांदा लावला तेव्हा स्वयंपाकघरातून "आता घोड्यांनाच वाढते" असं ऐकू आलं, म्हणून उठलो.

नंतर मात्र त्या घोड्याचा पिच्छा पुरवला. हॉलंडच्या उत्तरेकडचा फ्रीसलंड हा त्यांचा प्रांत. १ मे १८७९ रोजी तिथल्या रूर्डाहाउझम नावाच्या खेड्यात काही मंडळी जमली आणि त्यांनी घोड्यांची वंशावळ लिहायची वही सुरू केली. वही सुरू झाली म्हणून घोडा वाचला असं काही झालं नाही. शेतकऱ्यांना नांगराला वजनदार, थोराड घोडे हवे होते आणि फ्रीजियन पडला नाचऱ्या चालीचा, रविवारी चर्चला मिरवत जायचा घोडा. मिरवणुकीवर कोणाचं पोट भरतं? १९१३ साली त्या वहीत पैदाशीचे जुने नर उरले होते फक्त तीन. प्रिन्स १०९, आल्वा ११३ आणि फ्रीसो ११७. हे आकडे वयाचे नव्हेत, वहीतले क्रमांक. त्या साली तिथल्या काही लोकांनी एक संस्था काढली आणि जे होतं ते धरून ठेवलं. घोडा थोडा दणकट करून शेतावर आणला. पुढे ट्रॅक्टर आला आणि पुन्हा तेच. १९६०च्या दशकात नोंदलेल्या घोड्या काही शेंवर आल्या. तेव्हा १९६७ साली काही स्वार आपले घोडे घेऊन प्रांतभर फिरले, लोकांना आठवण करून द्यायला की अरे, हा अजून आहे. आज तो जगभर आहे. आणि काम काय? तेच, ज्यापायी मरत होता. मिरवणं, गाडी ओढणं, स्पर्धेत उतरणं.

हे सगळं वाचताना मला आठवला तो घोडा मात्र अगदीच वेगळा होता.

आमच्या लहानपणी भातं कापून झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरायचे. खाचरात रात्रभर मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेताला, बदल्यात धनगरांना भात. काकू सकाळी ताक घेऊन जायची, मी तिच्या मागे. त्यांच्याबरोबर दोन-तीन घोडे असायचे. खांद्याला फारसे उंच नाहीत, अंगाने सडपातळ, पोट जरा सुटलेलं, पाय मात्र काटक. पाठीवर अख्खा संसार. वाकळा, भांडी, जाळ्यांचे गुंडाळे, वरती पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि त्यावर कधी कधी एक शेंबडं पोर. तो घोडा घाट उतरून आमच्या पाणंदीपर्यंत आलेला असायचा. आम्ही त्याला 'तट्टू' म्हणून हसायचो. घोडा म्हणजे आमच्या लेखी कॅलेंडरवरचा. पुढचे दोन पाय वर, नाकपुड्या फुललेल्या, पाठीवर महाराज.

आणि मंडळी, गंमत अशी की कॅलेंडरवरचा घोडा आणि कोंबड्या वाहणारं तट्टू बहुधा एकाच कुळातले. भीमेच्या थडीचा, म्हणून भीमथडी. मराठ्यांच्या फौजांनी ज्याच्या जिवावर मुलूख तुडवला तो हाच, लहान चणीचा, कमी चाऱ्यावर भागवणारा, डोंगरात न अडखळणारा. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा आणि शिलेदार स्वतःच्या, हे चौथीच्या पुस्तकात पाठ केलं होतं. घोडा कुठला, हे कोणी सांगितलं नाही. फौजा गेल्या, घोड्याचं काम गेलं, आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगरकडच्या धनगरांनी तो आपल्या गरजेपोटी सांभाळला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती आत्ता कुठे, २०२३-२४च्या सुमारास. फ्रीसलंडची वही १८७९ची. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

मला राग येतो तो इथे. अश्वारूढ पुतळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. पुतळ्याचा पाय वर असावा की खाली यावर चार तास वाद घालणारे माझे मित्र आहेत (मीही असतोच त्यात). पण त्या घोड्याचा जिवंत वंशज समोरून गेला तर आम्ही त्याला हॉर्न मारतो. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, तिथे लोक बघायला जातात ते मारवाडी, काठियावाडी आणि पांढरेशुभ्र नुकरे. देखणे असतात, नाही कशाला म्हणू? पण ज्याला बघायला गर्दी जमते त्याचीच पैदास होते.

आता अवघड भाग. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, मी बैलगाडा शर्यतींच्या विरोधातला. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा मी आनंदाने सगळ्यांना फोन केले होते. माझ्या थोरल्या चुलत भावाची, दादाची, शर्यतीची जोडी होती. त्याने ती सहा महिने नुसती बांधून खाऊ घातली, मग विकली. कुठे विकली हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दीड वर्ष आम्ही बोलत नव्हतो. गणपतीत शेजारी बसून आरती म्हणायची आणि बोलायचं नाही, हे फक्त कोकणातच जमतं! १६ डिसेंबर २०२१ला अटींसह शर्यती पुन्हा सुरू झाल्या, १८ मे २०२३ला घटनापीठाने कायदाही वैध ठरवला. दादाने नवी जोडी घेतली नाही. "वय झालं," म्हणाला.

दादाचं तेव्हाचं म्हणणं एकच होतं. "शर्यत गेली की बैल गेला. नांगराला पॉवर टिलर आहे. मग मी बैल कशाला ठेवू, फोटो काढायला?" मला ते तेव्हा कांगावा वाटलं होतं. फ्रीजियनची गोष्ट वाचल्यावर ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. शेपटी पिरगाळणं, टोचणी लावणं मला आजही सहन होत नाही, तिथे माघार नाही. पण मी बंदीपाशी थांबलो होतो. बैलाला दुसरं काय काम देता येईल, त्याच्याकडे कौतुकाने कोण बघेल, हा प्रश्न मी माझा मानलाच नाही. तो दादावर ढकलून मोकळा झालो.

आणि स्पर्धा म्हणजे शर्यतच असं कुठे आहे? फ्रीसलंडातल्या मैदानात कोण आधी पोचलं हे बघत नव्हते. चाल बघत होते, ठेवण बघत होते, आठही घोडे एकमेकांना सांभाळून कसे चालतात ते बघत होते. पैदाशीसाठी पसंत केलेल्या नराची मंजुरीसुद्धा कायमची नसते म्हणे, पुढे पोरं कशी निघाली ते पाहून ती काढूनही घेतात. (माणसांत ही सोय नाही.)

तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. थोड्या घोड्यांपासून वाढलेलं कूळ, त्यात काळाच रंग हवा हा हट्ट. नात्यातल्या नात्यात पैदास होऊन बुटकी शिंगरं, डोक्यात पाणी झालेली शिंगरं निघू लागली, आता जोडी जुळवण्याआधी जनुकीय तपासणी करावी लागते. नुसत्या देखणेपणासाठी पोसलेल्या जनावराची ही किंमत. म्हणून भीमथडीला नाचायला लावा असं मी म्हणणार नाही. ओझं घेऊन घाट उतरण्याची परीक्षा ठेवा. त्या घोड्याची खरी चाल तीच, आणि त्यात परीक्षक म्हणून त्या धनगर बायकांना बसवा, ज्या रोज पहाटे त्याच्यावर बिऱ्हाड बांधतात. आमच्या लहानखुऱ्या कोकण कपिला गाईलाही २०१८मध्ये जात म्हणून मान्यता मिळाली. तिची तालुक्याला एखादी जत्रा भरवायला काय हरकत आहे? आमच्या वडिलांनी कर्ज काढून एचएफची संकरित गाय आणली होती, ती आमच्या दमट हवेत आणि गोचिडांत दोन पावसाळे काढू शकली नाही. कपिला तोवर शेजारच्या वाडीत कातळावर चरत होती, फुकट.

हे सगळं लिहून झाल्यावर काल दादाला भाच्याचा व्हिडिओ दाखवला. गाड्यांचा चमू दोनदा बघितला त्याने, काही न बोलता. मग म्हणाला, "त्या तिसऱ्या गाडीचा घोडा डाव्या पायाने कचरतोय."

मी परत लावून बघितलं. खरंच कचरत होता.

मग मी विचारलं, तुझी ती जोडी कुठे दिलीस रे? दादा बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिला. म्हणाला, "चहा टाकायला सांग."