पंधरा रुपयांचा अभ्यास

‘हायवे टच प्लॉट, मोजकेच शिल्लक!’ जळगाव-धुळे रस्त्यावरची ही पाटी तुम्ही एसटीच्या खिडकीतून कितीतरी वेळा वाचली असेल. आता तीच पाटी रील होऊन मोबाइलमध्ये आलीय. वरून ड्रोनचा शॉट, मागे गाणं. आणि बाबा मोबाइल पुढे करून म्हणतात, ‘तू शिकलेला आहेस, बघ बरं जरा, खरं आहे का?’

आजोबांच्या काळात हे शिक्षण पायांनी व्हायचं. बांधावरून फिरायचं, विहिरीचं पाणी बघायचं, शेजारच्या शेतकऱ्याला विचारायचं, मग तलाठ्याकडून उतारा काढायचा. पुढे पिंप्राळा, देवपूरकडे कॉलन्या वाढल्या आणि नोकरदार माणूस दलालाच्या स्कूटरवर मागे बसून शिकला. आपण रील बघून शिकतोय. तिथे पैसे दुप्पट कसे होतात ते कळतं. सातबारा कसा वाचायचा, ते क्वचितच.

माझ्या काकांनी निवृत्तीच्या पैशातून धुळ्याजवळ प्लॉट ‘घेतला’. नुसत्या नोटरीवर चार लाख दिले. नकाशात नऊ मीटरचा रस्ता होता, जागेवर आजही कपाशी आहे. नंतर सातबारा काढला तेव्हा कळलं, जमीन शेतीचीच आहे आणि सहा जणांच्या नावे सामाईक. बिनशेती आदेश नाहीच. काका शेतकरी नाहीत, म्हणजे परवानगीशिवाय ती जमीन त्यांना घेताही येत नव्हती.

वाईट याचं वाटतं की, डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, १५ रुपयांत. महारेरा २०१७ मध्ये आलं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाला नोंदणी लागते, आणि त्यात प्लॉटचे लेआउटही आले. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्याच वर्षापासून एजंटांनाही परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे विकणाऱ्याला परीक्षा आहे, आयुष्यभराची कमाई घालणाऱ्याला नाही!

आपण पदवीपर्यंत पोचतो, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा लिहिलेला असतो, हे आपल्याला कुणी सांगत नाही. कॉलेजात गेस्ट लेक्चर तर होतच असतात. एक तास सातबारा, फेरफार आणि बिनशेती आदेशावर ठेवायला काय हरकत आहे? ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे तलाठी, यांनाच बोलवा की!

तोवर निदान एवढं करा. रीलमधला गट नंबर मागा. सातबारा काढा. क्यूआर स्कॅन करा. मग प्रत्यक्ष जागेवर जा आणि शेजारच्या शेतातल्या माणसाला विचारा. आजोबांचा हा धडा अजून जुना झालेला नाही.

आणि गट नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर बाबांना सरळ सांगा, ‘हा प्लॉट नको.’