रोबोट येईल हो, आधी आजार तर ओळखा!

आमच्या ओळखीतल्या एक मावशी, पूर्वभागात राहतात. विड्या वळून संसार केला. सकाळी हात सपासप चालायचे, दुपारनंतर कात्रीसुद्धा पेलवेना. संध्याकाळी पापणी खाली यायची, एकाची दोन माणसं दिसायची. कुणी चष्मा बदलून दिला, कुणी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. दीड वर्षानं पुण्यात निदान झालं : मायस्थेनिया ग्रेव्हिस. १९८४ साली अमिताभ बच्चनला झालेला आजार तो हाच.

यात आपलीच प्रतिकारशक्ती नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवते. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी त्यात सामील असते, म्हणून काही रुग्णांची ती काढतात. आता हे ऑपरेशन रोबोटच्या मदतीनं होतं. हाड कापावं लागत नाही, बरगड्यांमधून छोटी छिद्रं पुरतात. चांगलंच आहे, त्याला विरोध नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रंथी काढल्यानं फायदा होतो हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२६ रुग्णांच्या अभ्यासानं दाखवलं. त्यातली ऑपरेशनं छातीचं हाड उघडूनच केलेली होती. तीन वर्षांत ताकद सुधारली, स्टेरॉइड कमी लागलं. म्हणजे गुण ग्रंथी काढण्याचा. रोबोटमुळे जखम लहान होते, माणूस घरी लवकर येतो. आणि त्या अभ्यासात आजार सुरू होऊन पाच वर्षं न झालेलेच रुग्ण घेतले होते. मावशींची त्यातली दीड वर्षं नुसती फिरण्यात गेली!

मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवायचा. त्यानं पापणी वर आली, तर या आजाराचा संशय घ्यायचा. खर्च बर्फाच्या तुकड्याचा. रोबोट कोटींचा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गावोगावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ही लक्षणं शिकवा. अँटीबॉडीची रक्ततपासणी जिल्ह्यातच, मोफत होऊ द्या. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात कधी संपू देऊ नका. काही अँटिबायोटिक्सनी हा आजार बळावतो, तेव्हा रुग्णाच्या खिशात तसं कार्ड द्या. एवढं झालं की रोबोट खुशाल आणा, उद्घाटनाला आम्हीही येऊ.

आणि मंडळी, घरात कुणाची पापणी संध्याकाळी पडत असेल, बोलता बोलता आवाज नाकातून येत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. गिळताना ठसका किंवा श्वासाला त्रास असेल तर थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.