राजाचे तेल आणि बाटलीतले तेल




‘अरोमाथेरपी आपल्याच पूर्वजांची’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पुरावा म्हणून पुढे केलेला ‘मानसोल्लास’ नेमकी उलटी साक्ष देतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यातले अभ्यंगाचे तेल असे : तीळ केतकी, चाफा वगैरे फुलांत ठेवून वासवायचे, मग त्यांचे तेल काढायचे. म्हणजे तेल तिळाचेच, फुलांचा फक्त वास. बेळगावात आज बाटलीतून मिळणारे, अरोमाथेरपीत वापरले जाणारे निलगिरीचे तेल मात्र पानांतून वाफेने काढलेले असते. शिवाय ग्रंथात हा विषय राजाच्या उपभोगांत येतो, रोगोपचारांत नव्हे. अरोमाथेरपी हे नावही पूर्वजांचे नाही; त्या नावाचे पुस्तक फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांनी १९३७ साली काढले.

अभिमानच हवा, तर पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे आठवावेत. भारतीय गंधशास्त्राच्या इतिहासाचा त्यांनी पोथ्यापोथ्यांतून माग काढला. त्यांतल्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर मराठी टीका आहे. तिचा उल्लेख पत्रात नसावा, याचे नवल वाटले.

तान्ह्या बाळाच्या नाकाला निलगिरीचे तेल लावण्याचा त्या पत्रातला सल्ला कृपया कोणी पाळू नये. त्याने लहानग्यांचा श्वास अडखळू शकतो आणि ते पोटात गेल्यास झटकेही येतात.

आपला,
एक वाचक, निपाणी