चौथा हिस्सा आणि बंद कंपनीची गाडी



मागच्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर आमच्या बुधवार पेठेतील एक तरुण आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमचं हिशेबाचं डोकं आहे. एक गाडी बघून ठेवलीय. शेवरोलेची बीट, डिझेल, २०१३ ची. मालक एक लाख तीस हजार म्हणतोय. त्याच सालच्या डिझेल मारुतीला तीन लाखांच्या खाली कुणी बोलत नाही. घेऊ का नको?"

मुलगा एमआयडीसीत कामाला आहे. वडील गिरणीतून घरी बसलेले. आईचे गुडघे गेलेले, दवाखान्यात न्यायचे तर रिक्षात चढवताना दोघे लागतात. धाकटी बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बँकेत ऐंशी हजार ठेव आहे, उरलेले पन्नास हजार पतसंस्थेतून काढायचे, असा त्याचा बेत होता.

ही हौस म्हणून उडवून लावणे आम्हाला जमले नाही. आपल्या माणसाने वाहन घेतले की चंगळवाद, आणि दुसऱ्याने घेतले की प्रगती, असे बोलणारे पुष्कळ आहेत. पण वाहनाचा आणि आपला संबंध निराळा आहे. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावांना व सोबतच्या मुलांना वडिलांकडे गोरेगावला जायचे होते. जात कळताच बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान तयार झाला. पुढे १९२९ साली चाळीसगावला तोच प्रकार. विलायतेतून शिकून आलेल्या, सरकारने नेमलेल्या समितीवर काम करणाऱ्या बाबासाहेबांचा टांगा हाकायला टांगेवाला तयार नव्हता. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला, न शिकलेल्या हाताने हाकला, आणि बाबासाहेब पुलावर खाली आपटून पाय मोडून घेते झाले. तेव्हा आपल्या पोराला दारात स्वतःची चारचाकी असावी असे वाटले, तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. प्रश्न फक्त कोणती आणि कशातून, एवढाच.

आता ही बीट एवढी स्वस्त का, ते पाहू. जनरल मोटर्स ही अमेरिकेतील कंपनी शेवरोले नावाने आपल्याकडे गाड्या विकत होती. तळेगावला तिचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि बीट तिथेच तयार होई. १८ मे २०१७ रोजी कंपनीने जाहीर केले की, वर्षअखेर भारतातील विक्री बंद. त्याबरोबर शोरूममध्ये उरलेल्या कोऱ्या गाड्यांवर मोठमोठी सूट लागली. वॉरंटी पाळू, सर्व्हिस चालू ठेवू, असेही कंपनीने सांगितले. अनेकांनी त्या वेळी गाड्या घेतल्या. आज जुन्या बाजारात फिरतात त्यांतल्या पुष्कळ गाड्या अशाच सुटीतल्या किंवा त्याआधीच्या आहेत. तळेगावचा कारखाना पुढे तीन वर्षे परदेशासाठी गाड्या बनवत राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. एक हजाराहून अधिक कामगार रस्त्यावर आले, त्यांच्या संघटनेला न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२३ साली ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. जागा विकली गेली, यंत्रे विकली गेली. कामगारांच्या वयाला मात्र गिऱ्हाईक मिळत नाही, हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. फोर्डनेही सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याकडील कारखाने बंद करण्याचे जाहीर केले, त्यामुळे फोर्डच्या गाड्यांबद्दलही हाच प्रश्न येतो.

कंपनी गेली म्हणजे गाडी मेली, असे मात्र नव्हे. याचे सर्वांत मोठे उदाहरण एका सोलापूरकरानेच घालून दिले आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आपल्या सोलापुरातला. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिची पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले, तरी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, आणि तीही वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे हटली. कशामुळे टिकली? रस्त्यावर हजारो पद्मिनी होत्या, म्हणून त्यांचे भाग बनवणारे छोटे कारखानदार होते, आणि डोळे झाकून गिअरबॉक्स उतरवणारे मिस्त्री होते. त्याच प्रीमियरने फ्रान्सच्या प्युजोबरोबर कल्याणजवळ ३०९ ही गाडी १९९४ पासून बनवली. गाडी चांगली होती, जाणकार आजही नाव काढतात. पण १९९७ साली प्युजो निघून गेली. गाड्याच थोड्या, म्हणून भाग थोडे, म्हणून मिस्त्री थोडे. ती दिसेनाशी झाली. देवूची मॅटिझ यांच्या मधली. कोरियातला देवू उद्योगसमूह १९९९ साली कोसळला आणि काही वर्षांत इथला सुरजपूरचा कारखानाही थांबला. तरी काही जणांनी मॅटिझ जपून जपून बरीच वर्षे चालवली.

आम्ही हे सांगत होतो तेव्हा मुलाचे वडील शेजारी बसून ऐकत होते. एरवी ते फारसे बोलत नाहीत. म्हणाले, "साहेब, आमच्या खात्यातले माग विलायती होते. बनवणारी कंपनी आमच्या जन्माच्या आधी बुडाली असंल. पण माग थांबला नाही. कारण फिटर होता. दात तुटला तर तो वर्कशॉपमध्ये दात करून आणायचा. मिल बंद पडली, फिटर घरी बसला, तेव्हा माग भंगारात गेले."

जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे ऐकलेल्या वाचकांना या बोलण्याचा अर्थ कळेल. आम्ही मुलाला म्हटले, चल, आधी फिटर शोधू.

आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले उस्ताद आहेत. त्यांना घेऊन गाडी पाहिली. त्यांनी बॉनेट उघडून पाऊण तास घालवला. इंजिनाबद्दल ते निर्धास्त होते. हे तीन सिलिंडरचे, ९३६ सीसीचे इंजिन फियाटच्या मल्टिजेट घराण्यातले. त्याच घराण्याचे १.३ लिटरचे इंजिन स्विफ्टमध्ये होते, व्हिस्टात होते, म्हणून हाताळणारे मिस्त्री गावोगाव आहेत. फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग असल्या झिजणाऱ्या वस्तू गाडीची कंपनी सहसा स्वतः करत नाही, दुसरे कारखानदार करतात, आणि ते अजून करतात. अडचण अंगाची आहे. हेडलाईट, बंपर, दरवाजाची काच वरखाली करणारे यंत्र, एसीची बटणे, सेन्सर या वस्तू त्याच गाडीच्या असतात, दुसरीच्या बसत नाहीत. या गाडीचा उजवा हेडलाईट तडकलेला होता. उस्तादांनी सोलापुरात तीन दुकानांत फोन लावले, कुठेच नव्हता. पुण्याहून मागवावा लागेल किंवा तोडलेल्या गाडीचा शोधावा लागेल, असे उत्तर आले. उस्ताद म्हणाले, "इंजिन पाच वर्षं चालंल. पण समोरून कुणी ठोकली, तर महिनाभर माझ्या दारात उभी राहील. दुसरी गाडी असलेल्याने घ्यावी. एकुलती एक म्हणून घेऊ नये."

हे वाक्य आम्ही डायरीत टिपून घेतले, कारण सगळा हिशेब त्यात आहे. मारुतीपेक्षा ही गाडी एक लाख सत्तर हजारांनी स्वस्त. ही सूट कुणी दान दिलेली नाही. कंपनीने अंगावरून झटकलेली जोखीम जो उचलेल, त्याला तेवढे पैसे कमी द्यावे लागतात. ज्याच्या घरी दुसरे वाहन आहे, बँकेत शिल्लक आहे, त्याला ही जोखीम परवडते आणि त्याच्यासाठी सौदा खरोखर चांगला आहे. ज्याने आईला दवाखान्यात न्यायला गाडी घेतली, त्याची गाडी नेमकी त्या महिन्यात गॅरेजमध्ये असेल, तर स्वस्ताई काय कामाची?

आता आकडे. पतसंस्थेचे पन्नास हजार १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २,४०० रुपये. महिन्याला ३०० किलोमीटर फिरवली तर डिझेलचे दीड हजार. विमा, पीयूसी, ऑइल वगैरे मिळून वर्षाचे नऊ-दहा हजार, म्हणजे महिना आठशे. बेरीज ४,७००, आणि यात दुरुस्तीचा एक पैसाही नाही. सध्या या घराचा रिक्षा-एसटीचा खर्च वहिनींनी बोटावर मोजून सांगितला, बाराशे. शिवाय २०१३ च्या गाडीची नोंदणी २०२८ मध्ये संपते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी ५,००० रुपये करण्यात आली, वर तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा.

हे सर्व झाल्यावरही मुलगा म्हणाला, "काका, ठेव तर पडूनच आहे ना." तेव्हा आम्हाला सिगालोवाद सुत्ताची आठवण द्यावी लागली. तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार हिस्से सांगितले आहेत. एक खाण्यापिण्याला, दोन कामधंद्यात, आणि चौथा संकटासाठी राखून ठेवायचा. त्या घरातले ऐंशी हजार म्हणजे हा चौथा हिस्सा. त्यातूनच बहिणीची तिसऱ्या वर्षाची फी जायची आहे. पडून आहे असे ज्याला आपण म्हणतो, ते खरे म्हणजे पहाऱ्यावर उभे असते.

आम्हाला वाईट वाटले हे खरे. आम्ही स्वतः तरुणपणी एका बंद पडत चाललेल्या कंपनीची मोपेड सुटीत घेतली होती. दीड वर्ष ऐटीत फिरवली, मग एका नळीसाठी ती चार महिने अंगणात उभी राहिली, आणि शेवटी वजनावर गेली. घरच्यांनी नको म्हटले होते. आम्ही ऐकले नव्हते.

शेवटी घरात बसून ठरले ते असे. कर्ज काढायचे नाही, ठेव मोडायची नाही. बहिणीची फी भरून झाल्यावर, स्वतःच्या बचतीतून सत्तर-ऐंशी हजार जमले आणि तेव्हा अशी गाडी हेडलाईटसह धड मिळाली, तर घ्यायची, नाहीतर दोन वर्षे थांबून ज्या गाडीचे भाग गल्लीत मिळतात अशी एखादी जुनी गाडी पाहायची. बहीण म्हणाली, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातले तिचेही धरा. आईला दवाखान्यात न्यायला वस्तीतल्याच एका रिक्षावाल्याशी महिन्याचे ठरवून टाकले. तो धरून चढवतो, धरून उतरवतो.

वाचकांपैकी कुणाचा असाच सौदा चालू असेल, तर कागद आधी पाहा. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल, तर तो फॉर्म ३५ ने उतरवून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सही झाल्याशिवाय आणि गाडी नावावर चढल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा चालू आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, गाडी एमएच १३ बाहेरची असेल तर त्या आरटीओचा ना हरकत दाखला आहे का, हे विचारा. त्या गाडीचा हेडलाईट आणि दरवाजाची काच आपल्या गावात किती दिवसांत मिळते, ते दोन दुकानांत विचारून या. इतके करूनही शंका राहिली, तर रविवारी वंदनेनंतर कागद घेऊन विहारात यावे. आम्ही असतो, आणि उस्तादांनीही यायचे कबूल केले आहे.