दोन दिवसांचे अरण्य

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माझी नातवंडे एक मोठा कागद घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. फेब्रुवारीतील एका शनिवारी व रविवारी ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानात जाण्याचे त्यांनी योजिले होते आणि त्या सहलीचा आराखडा त्या कागदावर मोठ्या हौसेने मांडला होता. शनिवारी पहाटे नागपूर सोडावयाचे, वाटेत वरोऱ्यास बाबा आमटे यांचे आनंदवन पाहावयाचे, भद्रावतीचे जैन मंदिर पाहावयाचे, चंद्रपुरास पोहोचून गोंड राजांचा किल्ला व महाकालीचे देऊळ करावयाचे, दुपारी जंगलात शिरावयाचे, रविवारी सकाळी पुन्हा एकदा, दुपारी आणखी एकदा जंगलात जावयाचे आणि मध्यरात्रीपर्यंत घरी परतावयाचे! कागदाच्या अगदी वरच्या बाजूला लाल शाईने लिहिले होते : 'उद्देश – वाघ पाहणे.'

मी चाळिशी नाकावर चढविली व हातात पेन्सिल घेतली. माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाच्या हातात पेन्सिल आली की तो काहीतरी खोडणार, हे मुलांनी ओळखले असावे. मी प्रथम आनंदवन खोडले, मग किल्ला, मग देऊळ. नात रुसली. "आजोबा, ही ठिकाणे पाहण्यासारखी नाहीत का?" असे तिने विचारले. मी म्हणालो, "पाहण्यासारखी आहेत, म्हणूनच खोडली." ज्या आनंदवनात माणसांनी कुष्ठरोग्यांसाठी नवे जग उभारले, तेथे अर्धा तास गाडी थांबवून येणे म्हणजे त्या स्थानाला न पाहणेच होय. त्यासाठी वेगळा दिवस काढावा. बालमित्रांनो, सहलीचा बेत आखणे म्हणजे कुठे कुठे जावयाचे ते लिहिणे, असा पुष्कळांचा समज असतो. माझ्या मते कुठे जावयाचे नाही हे ठरविणे हेच त्यातील खरे व कठीण काम आहे. पाहुण्याला जेवावयास बोलावून त्याच्या पानात एकदम पंधरा पक्वान्ने वाढली, तर तो बिचारा कशाची चव घेणार?

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली स्थापन झाले. त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्याला चांदा म्हणत असत व तो मध्य प्रदेशात होता. म्हणजे हे उद्यान आपल्या महाराष्ट्र राज्याहूनही पाच वर्षांनी वडील आहे! पुढे १९८६ साली त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्हींचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरांचा आहे. आता तुम्हीच सांगा, एवढे अरण्य दोन दिवसांत 'पाहून होईल' असे म्हणणे कितपत शहाणपणाचे? त्यातील एखादी वाट, एखादे तळे, एखादे कुरण नीट पाहिले तरी पुष्कळ झाले.

तरीही दोन दिवस थोडे आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. आईवडिलांना रजा नसते, शाळेला सुटी नसते. शनिवार-रविवार एवढेच काय ते हाती असतात. त्या दोन दिवसांचे सोने करता येते, परंतु थोडी माहिती आधी मिळवावी लागते. ताडोबा दर मंगळवारी बंद असते. पावसाळ्यात, म्हणजे जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, गाभ्यातील वाटा बंद असतात. जंगलात जाण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते, आणि सुटीच्या दिवसांसाठी ती फार लवकर करावी लागते. सकाळी एक व दुपारी एक अशा दोन फेऱ्या असतात. उघड्या जिप्सीत सहा प्रवासी, एक चालक व एक मार्गदर्शक असे बसतात. सूर्यास्ताच्या सुमारास ठरल्या वेळी फाटकाबाहेर यावेच लागते. जंगलात गाडीतून उतरण्यास मनाई आहे. भ्रमणध्वनी बाहेरच ठेवावा लागतो. या एका नियमासाठी तरी मी वनखात्याला मनःपूर्वक धन्यवाद देतो!

कोणत्या महिन्यात जावे, याविषयी मोठ्या माणसांत फार वाद चालतात. बहुतेकजण एप्रिल-मे महिने सांगतात. तेव्हा पाणवठे आटलेले असतात, उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात आणि वाघ दिसण्याचा संभव वाढतो. ते खरे आहे. पण चंद्रपूरच्या उन्हाची कीर्ती तुम्ही ऐकली असेल. पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो. अशा उन्हात उघड्या गाडीतून चार-चार तास हिंडणे लहान मुलांच्या प्रकृतीला मानवत नाही. उलट डिसेंबरच्या पहाटे त्याच गाडीत दात कडकड वाजतात आणि गवतही अजून उंच असते. मला स्वतःला फेब्रुवारीचा शेवट आवडतो. सागाची पाने गळू लागलेली असतात, त्यामुळे नजर दूरवर जाते. पळस फुललेला असतो. पांढऱ्या खोडाची कांडोळाची झाडे निष्पर्ण होऊन चांदण्यात भुतासारखी उभी राहतात. परीक्षा जवळ आलेली असते हे मी विसरलेलो नाही. इतकी वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेला मनुष्य ते कसे विसरेल? परंतु दोन दिवसांनी कोणी नापास होत नाही.

आता त्या लाल शाईच्या ओळीकडे वळतो. तिच्याशीच माझे खरे भांडण आहे.

ताडोबाहून परतलेल्या माणसाला सारे जण एकच प्रश्न विचारतात : "वाघ दिसला का?" "दिसला" म्हटले की सहल सफल, "नाही" म्हटले की पैसे फुकट गेले! जणू उरलेले अरण्य म्हणजे वाघाच्या मागे टांगलेला पडदाच. वास्तविक तेथे काय नाही? अस्वल आहे, गवा आहे, सांबर, नीलगाय, चौसिंगा आहे. कळपाने शिकार करणारी तांबूस रानकुत्री आहेत. तळ्यात मगरी आहेत आणि काठावरच्या उंच झाडावर मत्स्यगरुड बसलेला असतो. चितळांची आणि वानरांची मैत्री तर डोळे भरून पाहावी. वानरे वर झाडावर बसून पाला खातात आणि अर्धामुर्धा खाली टाकतात. खाली चितळ तो टिपीत असतात. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाला वास चांगला येतो. वाघाची चाहूल लागली की जो आधी ओळखेल तो ओरडतो आणि दोघेही सावध होतात. त्या ओरडण्यावरूनच मार्गदर्शक वाघाची दिशा ताडतो. म्हणजे अरण्यात डोळ्यांच्या आधी कान लागतात. आणि गाडीत गलका चालू असेल, तर कानांचा काय उपयोग?

तुमच्यापैकी एखादा चौकस मुलगा येथे म्हणेल, "गुरुजी, वाघ पाहण्याची इच्छा करणे हा काय अपराध आहे?" मुळीच नाही. वाघ पाहावयास लोक येतात, म्हणूनच जंगलाकाठच्या गावांतील तरुणांना मार्गदर्शकाचे व चालकाचे काम मिळते, हेही मला मान्य आहे. पण इच्छा वेगळी आणि हट्ट वेगळा. तो हट्ट काय करतो, हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याच विदर्भात दिसले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच पिल्लांसह वाटेवरून चालली होती. प्रवाशांच्या गाड्यांनी तिची वाट पुढून आणि मागून अडविली, आणि माणसे छायाचित्रे घेत राहिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची आपण होऊन दखल घेतली.

ती बातमी वाचून मला फार राग आला. आणि लगेच लाजही वाटली. ती का, ते सांगतो. मी सेवानिवृत्त झालो त्या वर्षीच्या मे महिन्यात एका व्याघ्रप्रकल्पात गेलो होतो. तीन फेऱ्या झाल्या तरी वाघ दिसला नव्हता. चौथ्या फेरीत दूरवर पाच-सहा गाड्या थांबलेल्या दिसल्या. मी चालकाला म्हणालो, "पुढे घ्या, अगदी पुढे घ्या." मार्गदर्शकाच्या मनात नव्हते, पण गुरुजींचा शब्द त्याला मोडवेना. आमची गाडी दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत घुसली. झुडपांत एक वाघीण उभी होती आणि तिच्या मागे दोन पिल्ले होती. किती देखणे जनावर ते! मी भान हरपून पाहत राहिलो. तिने एकवार आमच्याकडे पाहिले, ती वळली आणि पिल्लांना घेऊन आल्या वाटेने परत गेली. मी आनंदाने मार्गदर्शकाची पाठ थोपटली. तो मात्र खाली पाहत हळूच म्हणाला, "थे पान्यावर चालली होती जी, गुरुजी."

मी वळून पाहिले. वाटेच्या पलीकडे पाणवठा होता. ज्या मोकळ्या जागेतून ती जाणार होती, त्याच जागेत माझी गाडी उभी होती. मेचे ऊन होते. आयुष्यभर मुलांना 'रांगेत उभे राहा, दुसऱ्याची वाट अडवू नका' असे सांगत आलेला मी एका तहानलेल्या आईची वाट अडवून बसलो होतो!

परतीच्या वाटेवर तो मार्गदर्शक बोलू लागला. त्याचे गाव जंगलाला लागूनच होते. दिवस मावळला की मुलांना अंगणाबाहेर जाऊ देत नसत. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करावयास बायामाणसे पहाटेच रानात जात, आणि ती सुखरूप परत येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागे. आपण ज्या वाघासाठी पैसे मोजून येतो, त्याच्या शेजारी ही माणसे रोज राहतात. ताडोबाच्या गाभ्यातील नवेगाव, जामणी यांसारखी गावे तर आपली घरे-शेते सोडून बाहेर वसली. जामणीच्या शेतांचे आज कुरण झाले आहे आणि त्यावर चितळांचे कळप चरतात. तेथून गाडी जाईल तेव्हा एवढे तरी मनात आणावे की येथे पूर्वी कोणाच्या तरी चुलीचा धूर निघत होता. ताडोबा हे नावही, तेथील लोक सांगतात त्याप्रमाणे, तारू नावाच्या एका गोंड गावप्रमुखाचे आहे. तो वाघाशी झुंजताना मरण पावला. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात गोंड बांधव तेथे जमतात.

म्हणून मी त्या कागदावर नवा बेत लिहिला. शनिवारी सकाळी निघून थेट मोहर्लीच्या फाटकाशी मुक्कामाला जावे. चंद्रपूर नागपूरहून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि मोहर्ली तेथून आणखी तीस. दुपारी एक फेरी, रविवारी सकाळी एक फेरी, बस्स. मधल्या वेळात गावात हिंडावे, कोणाच्या ओट्यावर बसावे, बांबूच्या वस्तू कशा विणतात ते पाहावे. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत, अत्तर लावू नये. चौघांत एक दुर्बीण पुरे. आळीपाळीने पाहण्यात मौजही असते. प्रत्येकाजवळ मात्र स्वतंत्र वही व पेन्सिल हवीच.

येथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. जिप्सीचे भाडे, प्रवेशशुल्क, राहण्याचा खर्च हे सर्व मिळून रक्कम मोठी होते, आणि प्रत्येक घराला ती झेपत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी खट्टू होऊ नये. मुंबईच्या मुलांना बोरीवलीस लोकलगाडीने जाऊन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पायी हिंडता येते. तेथे कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात बिबटे राहतात, ही काय लहानसहान नवलाची गोष्ट आहे? आणि राष्ट्रीय उद्यानच लागते असेही नाही. गावाबाहेरच्या एका वडाखाली दोन तास न बोलता बसून पाहा.

मुले जाऊन आली. मी ठरवून त्यांना तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही. नातीने आपली वही माझ्या हाती दिली. तीत लिहिले होते : 'सहा वाजून चाळीस मिनिटे. चितळ ओरडले. गाडी थांबविली. वानरेही ओरडली. आम्ही वीस मिनिटे बसलो. कोणी आले नाही. पण कोणीतरी होते.'

मला ते वाक्य फार आवडले आणि मी ते मोठ्याने वाचले. नातू मात्र कोपऱ्यात फुरंगटून बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही वाघ पाहिलेला आहे, म्हणून तुम्हांला असे बोलता येते."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मी पेन्सिल त्याच्या हाती दिली. पुढच्या हिवाळ्यातील पेंचच्या सहलीचा बेत तो आता स्वतः आखीत आहे. लाल शाईची ओळ त्याने पुन्हा लिहिली आहे. परंतु या वेळी ती कागदाच्या तळाशी आहे, आणि तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह आहे.